विंचवाचं वाळवण: महाड, परळ आणि उणे वीस अंश

आजचा भाग एका प्रश्नामुळे झाला. आमच्या माधवनगरातल्या एका जिमवाल्या मित्राने मोबाइलवर फोटो पाठवला. काचेची करंगळीएवढी कुपी, तळाला पांढरा चट्टा, वर लेबल: ‘फक्त संशोधनासाठी’. त्याचा प्रश्न असा होता, “भावा, यात पावडर दिसतच नाही. फसवलं का मला? आणि हे फ्रीजमध्ये ठेवायचं की फ्रीझरमध्ये?”

त्याच्या कुपीकडे नंतर येऊ. पण ‘रिसर्च पेप्टाइड’ हा शब्द ऐकून मला आठवला तो आपला विंचू. जगभरच्या प्रयोगशाळांच्या फ्रीझरमध्ये अशा कुप्या असतात, आणि त्यातल्या निदान दोन कुप्यांचं मूळ आपल्या तांबड्या विंचवात आहे. हा विंचू कोकणात आहे, पुणे-सातारा-सांगलीकडेही आहे. दगडी बांधाच्या फटीत, कौलाखाली, सरपणाच्या ढिगात राहतो. मोठी काळी इंगळी दिसली की आपण दहा फूट मागे उडी मारतो, पण जीव घेणारा असतो तो हा लहानसा तांबडा. फॅब्रिशियस या डॅनिश शास्त्रज्ञाने १७९८ साली त्याची शास्त्रीय नोंद केली आणि नाव दिलं ‘टॅम्युलस’. पुढे त्याच्या नावाचा पहिला भाग बदलत गेला, बुथस, मेसोबुथस, आता हॉटेंटोटा, पण टॅम्युलस तेवढं टिकलं.

आधी पेप्टाइड म्हणजे काय ते सांगतो, नाहीतर पुढचं सगळं डोक्यावरून जाईल. प्रथिनं अमिनो आम्लांच्या मण्यांची बनतात. माळ लांबलचक असली की प्रथिन, आखूड असली की पेप्टाइड. विंचवाचं विष म्हणजे अशा अनेक आखूड माळांचा काढा. जवळजवळ प्रत्येक माळ स्वतःवरच दुमडलेली असते आणि गंधकाच्या तीन-चार टाक्यांनी शिवलेली असते. या टाक्यांमुळे तिचा आकार पक्का राहतो. आकार पक्का, म्हणून ती आपल्या पेशींवरच्या एखाद्याच दारात नेमकी जाऊन अडकते. त्या दाराला म्हणतात आयन चॅनेल: सोडियमचं वेगळं, पोटॅशियमचं वेगळं.

आता मागे जाऊ. मुंबईत परळला, जुन्या गव्हर्नमेंट हाउसमध्ये, १८९९ साली प्लेगची प्रयोगशाळा सुरू झाली. तीच पुढे १९२५मध्ये हाफकिन इन्स्टिट्यूट झाली. प्लेग, कॉलरा यांच्यासोबत तिथे विषांवरही काम चाललं. १९३०च्या सुमारास तिथले म्हसकर आणि कायस (हे कायस जेझुइट पाद्री होते आणि औषधशास्त्रज्ञही) यांनी एक चिकाटीचं काम केलं. सर्पदंशावर म्हणून गावोगावी ज्या मुळ्या, पानं, साली दिल्या जायच्या, त्या गोळा करून तपासल्या. तीनशेहून जास्त वनस्पती आणि वर त्यांची मिश्रणं. निकाल काय? एकही उपयोगाची नाही! १९३२मध्ये याच जोडीने भारतीय विंचवांवरही एक सविस्तर टिपण प्रसिद्ध केलं. मला हे दोघं आवडतात. गावठी उपायांना हसून मोकळं होणं सोपं होतं. त्यांनी ते एकेक करून तपासले, आणि मगच नाही म्हटलं.

पण परळमध्ये झालेलं शहाणपण गावापर्यंत पोचायला वेळ लागतो. आपल्याकडे विंचू म्हटलं की मंत्र, उतारा, फार तर नाथांच्या भारुडातला विंचू. शहरातल्या बऱ्याच डॉक्टरांनाही वाटायचं की विंचू म्हणजे वेदना, रात्रभर ठणका, सकाळी बरं. तसं नव्हतं. मुंडले नावाच्या डॉक्टरांनी १९६१ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये आकडे दिले होते: विंचूदंशाचे ७८ रुग्ण, त्यातले २३ दगावले. शंभरात तीस!

१९७६मध्ये हिंमतराव बावस्कर हे तरुण डॉक्टर महाडजवळच्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले. मूळचे जालना जिल्ह्यातले, शिक्षण नागपूरला. बिरवाडीत त्यांच्यासमोर मुलं यायची ती घामाने निथळत, हातपाय बर्फासारखे गार, उलट्या चालू. काही तासांत तोंडातून फेस. फुप्फुसात पाणी भरायचं आणि मूल जायचं. बावस्करांनी एक साधी गोष्ट केली जी करायला कुणाला फुरसत नव्हती. ते रुग्णाजवळ बसून राहिले. दर थोड्या वेळाने नाडी, रक्तदाब, हृदयाचे ठोके, सगळं लिहून ठेवलं. या नोंदींतून धोक्याच्या आगाऊ खुणा हाती आल्या, आणि १९८२मध्ये तो लेख ‘लॅन्सेट’मध्ये छापून आला. कुठलं बिरवाडी आणि कुठलं लॅन्सेट!

त्यांना दिसलं ते असं. विष सोडियमची दारं उघडीच ठेवतं. नसा थांबायलाच तयार नसतात, शरीरात अ‍ॅड्रेनालिनसारख्या रसायनांचा पूर येतो, रक्तवाहिन्या आवळतात, हृदय त्या आवळलेल्या नळ्यांविरुद्ध ढकलून ढकलून थकतं. एक गंमत बघा (गंमत म्हणायला नको खरं तर): ज्याला वेदना कमी आणि घाम, गारठा जास्त, त्याची अवस्था अनेकदा अधिक वाईट. ओरडणाऱ्या पोराकडे सगळे धावतात, आणि गप्प पडलेलं पोर जातं.

मग आवळलेल्या नळ्या सैल करायला त्यांनी प्राझोसिन वापरून पाहिलं. रक्तदाबावरची साधी गोळी. डॉ. हिंमतराव आणि डॉ. प्रमोदिनी बावस्कर यांचा त्यावरचा लेख १९८६मध्ये लॅन्सेटमध्येच आला. पुढच्या काळात मृत्यूचं प्रमाण एक टक्क्याच्या आसपास उतरलं. २०२२मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली, ते ठीकच. मला त्या गोळीतली खरी कमाल वेगळीच वाटते. तिला फ्रीज लागत नाही. आरोग्य केंद्राच्या कपाटात, लोडशेडिंगमध्ये, पावसाळ्यात चार दिवस रस्ता बंद असतानाही ती गोळी गोळीच राहते. पेप्टाइडचं तसं नाही.

म्हणजे एकीकडे बिरवाडीत मुलं वाचत होती, आणि दुसरीकडे जगाचं लक्ष याच विंचवाच्या विषातल्या सुट्या सुट्या माळांकडे गेलं होतं. १९९०मध्ये अमेरिकेतल्या मर्क कंपनीच्या संशोधकांनी त्यातून एक पेप्टाइड वेगळं काढलं: आयबेरिओटॉक्सिन. नाव ऐकून स्पेन-पोर्तुगाल आठवतं, पण विंचू आपलाच. ३७ अमिनो आम्लं, तीन गंधकी टाके. हे पोटॅशियमच्या एकाच मोठ्या दाराला बूच लावतं, दुसऱ्या दारांना जवळजवळ हात लावत नाही. रक्तवाहिन्यांचे, मूत्राशयाचे, श्वासनलिकेचे स्नायू कसे सैल होतात हे शोधणाऱ्यांना असं नेमकं बूच म्हणजे लॉटरीच. २००२मध्ये याच विंचवातून आणखी एक मिळालं, टॅमॅपिन, ३१ अमिनो आम्लांचं. मेंदूतल्या एका लहान पोटॅशियम दारासाठी ते वापरतात. नीट ऐका हं, मुलांचा जीव घेणारे घटक हे नव्हेत, ते सोडियमवाले वेगळे. एकाच नांगीत दोन्ही.

हे काढतात कसं? विंचवाच्या नांगीला विजेचा हलका झटका देतात, टोकावर थेंब येतो. एका विंचवाकडून सुकवल्यावर मिळतं ते मिलिग्रॅमपेक्षाही कमी. म्हणून शेकड्यांनी विंचू लागतात. थेंब पाण्यात विरघळवतात, फिरवून चिकट गाळ खाली बसवतात, वरचं पाणी गोठवतात आणि निर्वातात ठेवतात. बर्फाचं थेट वाफेत रूपांतर होतं आणि मागे कोरडी भुकटी उरते. लायोफिलायझेशन म्हणतात त्याला. आपण त्याला वाळवण म्हणू. आज्जी कुरडया उन्हात का घालते? पाणी गेलं की नासणं थांबतं म्हणून. फक्त पेप्टाइडला ऊन सोसत नाही, म्हणून ते थंडीत वाळवायचं.

साठवणुकीचं म्हणाल तर सांगलीकराला वेगळं शिकवायची गरज नाही. हरिपूरला कृष्णा-वारणेच्या संगमाजवळ जमिनीत हळदीची पेवं होती. खोल खड्डा, आत कोरडी हळद, तोंड बंद. हवा नाही, ओल नाही, उजेड नाही, हळद वर्षानुवर्षं टिकायची. २००५च्या महापुराचं पाणी पेवांत शिरलं आणि काय झालं ते तिथल्या व्यापाऱ्यांना विचारा. पेप्टाइडचे शत्रू हेच तीन, वर चौथी उष्णता. कोरडी भुकटी उणे वीस अंशाला, ओल शोषणाऱ्या दाण्यांसोबत, अंधारात ठेवली तर बराच काळ राहते. पाणी घातलं की घड्याळ सुरू.

आणि नासतं ते बहुतेक वेळा कुपी उघडताना, तेही घाईमुळे. फ्रीझरमधून कुपी काढून लगेच झाकण उघडलं तर खोलीतल्या हवेची वाफ आत दव होऊन बसते. म्हणून आधी कुपी बंदच ठेवून खोलीच्या तापमानाला येऊ द्यायची. मग सेंट्रिफ्यूजमध्ये क्षणभर फिरवायची, कारण भुकटी झाकणाला चिकटलेली असू शकते. जिमवाल्या मित्राला पावडर दिसली नाही याचं कारणही इथेच आहे. १०० मायक्रोग्रॅम म्हणजे मिठाचे एक-दोन कण! न दिसणं हा फसवणुकीचा पुरावा नाही, आणि दिसणं हा खरेपणाचा पुरावाही नाही.

मग हिशोब. आयबेरिओटॉक्सिनचं आण्विक वजन साधारण ४२३०. १०० मायक्रोग्रॅम म्हणजे सुमारे २३.६ नॅनोमोल. त्यात २३६ मायक्रोलीटर पाणी किंवा बफर घातलं की १०० मायक्रोमोलरचं द्रावण तयार. कागदावर तरी. प्रत्यक्षात कुपीतलं सगळं वजन पेप्टाइडचं नसतं, काही क्षार असतो, काही पाणी. चांगली कंपनी निव्वळ पेप्टाइड किती ते कागदावर लिहून देते, आणि काळजीपूर्वक काम करणारा विद्यार्थी ते वाचतो. द्रावण फार पातळ झालं की पेप्टाइड नळीच्या भिंतीलाच चिकटून बसतं, मग त्यात थोडं अल्ब्युमिन घालतात, म्हणजे भिंतीवरच्या जागा ते अडवतं. जोरजोरात हलवायचं नाही. एकाच नळीत न ठेवता छोट्या छोट्या वाटण्या करून गोठवायच्या, एका प्रयोगाला एक वाटणी. वितळवा-गोठवा-वितळवा केलं की प्रत्येक वेळी थोडं थोडं मरतं. घरच्यासारखा आपोआप बर्फ वितळवणारा फ्रीझर तर नकोच, तो गुपचूप गरम-गार होत राहतो.

आज यासाठी विंचू पकडावाच लागतो असं नाही. रॉबर्ट ब्रूस मेरिफिल्ड यांनी १९६३मध्ये रेझिनच्या बारीक मण्यांवर एकेक अमिनो आम्ल जोडत माळ ओवायची पद्धत दाखवली, १९८४मध्ये त्यांना त्यासाठी नोबेल मिळालं. बाजारातलं आयबेरिओटॉक्सिन कृत्रिम बनवलेलंही मिळतं. माळ ओवणं यंत्र करतं. तीन टाके बरोबर जागी पडले की नाही हे मात्र तपासावंच लागतं. चुकीच्या जागी पडले तर वजन तेच, शुद्धता तीच आणि काम शून्य.

आता मित्राच्या कुपीकडे. त्यावर लिहिलं होतं बीपीसी-१५७. हे मान्यताप्राप्त औषध नाही, आणि खेळाडूंसाठी २०२२पासून जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेच्या बंदी यादीत आहे. ‘फक्त संशोधनासाठी’ हे शब्द विक्रेता शोभेला छापत नाही. त्याचा अर्थ असा की हे निर्जंतुक असल्याची हमी कुणी दिलेली नाही, जिवाणूंचे विषारी अंश तपासलेले असतीलच असं नाही, आणि कुरिअरच्या गाडीत मे महिन्यात किती तास उन्हात पडलं त्याची नोंदही नाही. प्रयोगशाळेत नासलेल्या पेप्टाइडने प्रयोग फसतो. दंडात टोचलेल्याचं काय होतं ते तू ठरवायला घेतलंयस, भावा. मी त्याला एवढंच लिहिलं: ना फ्रीज ना फ्रीझर, टोचू नकोस.

विंचवाची गोष्ट मात्र गोळीवर संपली नाही. घोड्यांना थोडं थोडं विष टोचून त्यांच्या रक्तातून प्रतिविष बनवतात. हाफकिनने तांबड्या विंचवाचंही बनवलं, आणि तेही वाळवून. द्रव प्रतिविष २ ते ८ अंशांत सांभाळावं लागतं, वाळवलेलं त्यामानाने सोशीक असतं, आणि वीज कधी जाईल याचा नेम नसलेल्या आरोग्य केंद्रात हा फरक जिवाचा असतो. २०११मध्ये बावस्करांनी ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये महाडचा अभ्यास छापला. ७० रुग्ण, अर्ध्यांना नुसतं प्राझोसिन, अर्ध्यांना प्राझोसिन आणि प्रतिविष. दहा तासांत पूर्ण बरे झाले ते गोळीवाल्या ३५ पैकी ८, आणि दोन्ही मिळालेल्या ३५ पैकी ३२.

म्हणून माधवनगर असो की महाड, विंचू चावला आणि माणसाला दरदरून घाम सुटला, हातपाय गार पडले, उलटी झाली, तर वेदना कमी आहे म्हणून थांबू नका. चिरा देऊ नका, घट्ट बांधू नका, झाडपाल्यात वेळ घालवू नका, गाडी काढा. आणि फोनवरच दवाखान्याला विचारून घ्या: प्राझोसिन आहे का, विंचवाचं प्रतिविष आहे का.