तराजू आणि जन्मतारीख

सतरा वर्षांच्या मुलाच्या खिशात चरसची छोटीशी पुडी सापडली तर कायदा त्याचं काय करतो? या प्रश्नाचं उत्तर दोन गोष्टींवर ठरत आलं आहे. एक तराजू आणि दुसरी जन्मतारीख.

इंग्रज सरकारने १८९३ मध्ये भांग-गांजाच्या चौकशीसाठी आयोग नेमला. त्याने ११९३ साक्षी नोंदवल्या आणि माफक सेवनाने विशेष हानी होत नाही, सरसकट बंदी नको, असं मत दिलं. तेव्हा भर परवान्यांवर आणि करावर होता.

पुढे भारताने १९६१ च्या आंतरराष्ट्रीय करारावर सही केली आणि १९८५ मध्ये अमली पदार्थांचा कडक कायदा आला. तो अमलात आला १४ नोव्हेंबरला, म्हणजे नेमका बालदिनी! या कायद्यात चरसची 'अल्प मात्रा' होती फक्त ५ ग्रॅम. तेवढा माल स्वतःसाठीच होता हे आरोपीने सिद्ध करायचं, तर शिक्षा सौम्य. सहा ग्रॅम भरले तर किमान दहा वर्षं सक्तमजुरी आणि किमान एक लाख रुपये दंड.

त्याच सुमारास १९८६ चा बालन्याय कायदा झाला. त्यात मुलगी अठरापर्यंत अल्पवयीन, पण मुलगा सोळापर्यंतच. म्हणजे सतरा वर्षांचा पोरगा थेट मोठ्यांच्या कोर्टात! एका ग्रॅमने आणि एका वर्षाने कोवळं आयुष्य गजाआड जाऊ शकत होतं.

२००१ साली दोन्ही गाठी सैल झाल्या. १ एप्रिलपासून नवा बालन्याय कायदा लागू झाला आणि मुलांनाही अठराची मर्यादा मिळाली. २ ऑक्टोबरपासून शिक्षा मात्रेप्रमाणे ठरू लागली. चरसची अल्प मात्रा आता १०० ग्रॅमपर्यंत आहे आणि ती बाळगल्यास कमाल शिक्षा एक वर्ष. अठराखालच्या मुलासाठी २०१५ च्या कायद्यानुसार हा किरकोळ अपराध ठरतो. त्याला कोठडीत ठेवता येत नाही. चोवीस तासांत बाल न्याय मंडळापुढे हजर करावं लागतं. मंडळ समज देतं, समुपदेशन किंवा समाजसेवा सांगतं. त्याचं नाव वा फोटो छापणं गुन्हा आहे. आणि मुलांच्या हातून माल विकून घेणाऱ्याला सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी.

पण हे संरक्षण मिळवायचं तर वय सिद्ध करावं लागतं. शाळेचा दाखला पहिला, तो नसेल तर पालिकेचा. तोही नसेल तर वैद्यकीय चाचणी. आमच्या मोहल्ल्यात निम्मी पोरं १ जूनला जन्मलेली! मास्तरांनी दाखल करताना सोयीने लिहिलेली ती तारीख. त्या वेळी कुणाला वाटलं होतं, की कधीतरी तीच तारीख एखाद्याला तुरुंगापासून वाचवेल किंवा तुरुंगात ढकलेल?

कायदा शहाणा व्हायला सोळा वर्षं लागली. आपण मात्र अजून पुडी सापडलेल्या पोराला गल्लीतच गुन्हेगार ठरवून मोकळे होतो. मंडळाची कारवाई संपली की शिक्षण-नोकरीसाठी त्याला अपात्र ठरवता येत नाही, असं कायदा म्हणतो. हे वाक्य पोलीस ठाण्याआधी घराघरांत पोहोचायला हवं. म्हणजे घाबरलेला बाप दलालाच्या दारी जाणार नाही, मंडळाची पायरी चढेल आणि पोराचा हात सोडणार नाही.