मिस्सी ते मशेरी : काळ्या हिरड्यांची कहाणी

शाळेत आरोग्य तपासणी होती. सहावीतल्या एका मुलीच्या हिरड्या काळसर दिसल्या आणि मागून कुजबुज झाली, "मशेरी लावते वाटतं!" बिचारीने ओठ घट्ट मिटले. डॉक्टरांनी मात्र खुलासा केला की हा रंग जन्माचा आहे. त्वचेला सावळेपणा देणारे मेलॅनिन हिरड्यांतही असते; तो आजार नव्हे. आम्ही तिची समजूत घातली, पण काळ्या हिरडीची लाज आपल्यात कधी शिरली, हा प्रश्न काही सुटेना.

कारण हाच काळेपणा एकेकाळी शृंगार होता. आमच्या नानी सांगत, त्यांच्या अम्मीच्या पानदानाजवळ मिस्सीची डबी असायची. प्लॅट्सच्या १८८४ च्या उर्दू कोशात मिस्सीचे घटक दिले आहेत: हिरडा, मायफळ, लोखंडाचा कीस, हिराकस. हिरड्यातल्या तुरट टॅनिनला लोह भेटले की काळा रंग तयार होतो. जुन्या हस्तलिखितांची काळी शाईही याच मेळातून बनत असे. म्हणजे जी काळी लेखणीला, तीच दातांना! मिर्झा रुस्वांच्या 'उमराव जान अदा' (१८९९) या कादंबरीतही मिस्सीच्या समारंभाचा उल्लेख येतो.

हे केवळ मुसलमान घरांतच होते असे नाही. महाराष्ट्रातल्या हिंदू सुवासिनी दातवण लावून दात काळे करीत. नाव वेगळे, डबी वेगळी, रंग एकच.

पुढे शुभ्र दातांची आवड आली आणि मिस्सी मागे पडली. दात घासणाऱ्या बोटावर मात्र दुसरीच काळी पूड आली, ती मशेरी. नावे कानाला बहिणी वाटतात, पण गुण निराळे. मिस्सीच्या त्या जुन्या कृतीत तंबाखू नाही. मशेरी म्हणजे तव्यावर भाजून कुटलेली तंबाखूच. ही तंबाखू पोर्तुगीजांमार्फत हिंदुस्थानात आली आणि १६०४ च्या सुमारास असद बेगने विजापुराहून ती अकबराच्या दरबारात नेली. दरबारचे हे नवल पुढे गरिबाच्या चुलीपर्यंत पोहोचले.

डॉ. फली मेहता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी महाराष्ट्रातल्या १,०१,७६१ ग्रामस्थांची तोंडे तपासली. १९७२ साली प्रसिद्ध झालेल्या त्या पाहणीत तोंडातले पांढरे चट्टे मुख्यतः तंबाखू वापरणाऱ्यांतच आढळले. असे चट्टे काहींच्या बाबतीत पुढे कर्करोगाचे रूप घेतात.

म्हणून रंगांचा धडा नीट शिकायला हवा. लहानपणापासूनचा, दोन्ही बाजूंना सारखा पसरलेला काळेपणा भिण्याचा नाही. पण नवा उमटलेला, वाढणारा किंवा आकार बदलणारा काळा डाग, न जाणारा पांढरा वा लाल चट्टा, दोन-तीन आठवड्यांत न भरणारी जखम, यांपैकी काहीही दिसले तर डॉक्टरांना दाखवावे.

ज्या मुलीने टोमणा मारला, तिच्याच घरी दादी रोज मशेरी भाजतात, हे आम्हाला नंतर कळले. आम्ही तिला रागावलो नाही. "दादींना एकदा तोंड दाखवायला घेऊन जा," एवढेच म्हणालो. पुढच्या जुम्याला दवाखान्याच्या रांगेत दोघी दिसल्या. दादींनी आम्हाला पाहून पदर तोंडावर ओढला. नातीने तो हलकेच बाजूला केला.