स्प्रिंगखालची चकती

मोटारीच्या एंजिनाचें हेड उतरविलें, झडपा घासल्या, त्यांच्या बैठका कापून स्वच्छ केल्या, सर्व कांहीं पूर्ववत् जोडलें. आणि तरीहि वेग वाढतांच एंजिन अडखळूं लागलें. असें कां व्हावें? बैठक जितकी कापावी तितकी झडप हेडांत खोल बसते, तिचा दांडा पलीकडे तितकाच वर निघतो, आणि स्प्रिंगला पसरावयास जागा मिळून तिचा दाब उतरतो. हा तोटा भरून काढण्यासाठीं स्प्रिंगखालीं पोलादाची जी पातळ चकती घालतात, तिलाच शिम म्हणतात.

आरंभींच्या एंजिनांस या दाबाची एवढी मातब्बरी नव्हती. द दियों-बूतों कंपनीच्या पहिल्या एंजिनांत पेट्रोलमिश्रित हवा आंत घेणारी झडप पिस्टनच्या ओढीनेंच उघडे. म्हणून तिची स्प्रिंग मुद्दाम नाजूक ठेवीत. इ. स. १९०१ च्या मर्सिडीज गाडींत विल्हेल्म मायबाख यानें हीहि झडप कॅमनें उघडविली. वेग वाढवितां येऊं लागला, आणि स्प्रिंगचे सुखाचे दिवस संपले. मिनिटास ४००० फेरे घेणाऱ्या चार ठोक्यांच्या एंजिनांत प्रत्येक झडप सेकंदास तेहेतीस वेळां उघडते. उघडण्याचें काम कॅमचें. मिटविण्याचें एकट्या स्प्रिंगचें. ती दुबळी पडली कीं झडप कॅमला सोडून अधांतरीं तरंगते, आणि पिस्टनशीं टक्कर झाली तर एंजिनाचा सत्यानाश होतो.

तेव्हां स्प्रिंगला रजाच कां देऊं नये? इ. स. १९१४ च्या फ्रेंच ग्रां प्रीसाठीं देलाज कंपनीनें झडप उघडणें व मिटणें हीं दोन्ही कामें कॅमकडे सोंपविलीं. पण पहिले तिन्ही क्रमांक पटकावले ते मर्सिडीजच्या स्प्रिंगवाल्या गाड्यांनीं! गंमत अशी कीं, चाळीस वर्षांनीं, ४ जुलै १९५४ रोजीं, रँस येथें मर्सिडीजनेंच स्प्रिंगविरहित एंजिनाच्या बळावर पहिले दोन क्रमांक मिळविले. इ. स. १९५६ पासून डुकाटीच्या फाबिओ ताल्योनी यानें ती योजना मोटारसायकलींत आणली. मात्र तिची देखभाल किचकट, आणि इ. स. २०२० मध्यें खुद्द डुकाटीनेंच आपल्या एका नव्या चार सिलिंडरी एंजिनास पुन्हां साध्या स्प्रिंगा बसविल्या.

म्हणून चकतीचें महत्त्व टिकून आहे. जी स्प्रिंग एक इंच दाबण्यास २०० पौंड लागतात, तिची उंची १/१६ इंच वाढली तर साडेबारा पौंड दाब हरवतो. ०.०१५, ०.०३०, ०.०६० इंच अशा जाडीच्या चकत्या मिळतात. पण अंदाजानें एकीवर एक रचणें हा शुद्ध अविचार होय. प्रत्येक झडपेची बसलेली उंची मोजून एंजिनाच्या पुस्तकांतील आंकड्याशीं ताडावी लागते, आणि फरक निघेल तेवढीच चकती घालावयाची. झडप पूर्ण उघडली असतांहि वेढ्यांमध्यें थोडी फट राहिलीच पाहिजे. ते एकमेकांस टेकले कीं स्प्रिंगचा ठोकळा बनतो, आणि मग पुश-रॉड वाकतो किंवा कॅमचें टोंक झिजून जातें.