कार्निव्हल, गोव्यातील

लेंट या ख्रिस्ती उपवासकाळापूर्वी गोव्यात साजरा होणारा लोकोत्सव. कोकणीत यास ‘इंत्रूज’ म्हणतात. हा शब्द पोर्तुगीज ‘एंत्रुदु’वरून व तो ‘प्रवेश’ या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून आला आहे. ‘कार्निव्हल’ या संज्ञेचा मूळ अर्थ मांसवर्जन असा सामान्यतः मानतात. राखेच्या बुधवारी उपवासकाळ सुरू होतो. त्याआधीचे रविवार, सोमवार व मंगळवार हे उत्सवाचे परंपरागत दिवस होत. यांतील मंगळवार ईस्टरपूर्वी ४७ दिवस येत असल्याने तो ३ फेब्रुवारी ते ९ मार्च यांदरम्यान पडतो. गोव्यातील हिंदूंचा शिगमोही याच सुमाराच्या ऋतूत येतो.

पोर्तुगीजांची गोव्यावरील सत्ता १५१० ते १९६१ अशी साडेचारशे वर्षे टिकली आणि त्यांच्याबरोबरच हा उत्सव येथे आला. पोर्तुगालमधील एंत्रुदु हा पाणी, पीठ व अंडी परस्परांवर फेकण्याचा दांडगाईचा खेळ होता. पणजीसारख्या शहरांत पिठाने वा भुकटीने भरलेल्या कागदी पुड्यांची फेकाफेक, मुखवटे घालून इष्टमित्रांच्या घरी अचानक जाऊन केलेले नाचगाणे आणि क्लबांतील नृत्यसमारंभ असे त्याचे स्वरूप होते. पणजीच्या क्लुब नासियोनाल या संस्थेचा तांबड्या-काळ्या पोशाखातील नृत्यसमारंभ विशेष प्रसिद्ध आहे.

खेड्यांत मात्र हा उत्सव निराळ्या वळणाने वाढला. सासष्टी तालुक्यात शेतकरी व कष्टकरी यांच्या मंडळ्या गावोगाव हिंडून घरांच्या अंगणात ‘खेळ’ सादर करीत. लहान लहान विनोदी प्रवेश, त्यांना जोडणारी गाणी, घुमटासारख्या वाद्यांची साथ आणि पुरुषांनीच वठविलेल्या स्त्रीभूमिका ही या खेळांची परंपरागत वैशिष्ट्ये होत. भाटकार व मुंडकार, सासू व सून, गावचे पुढारी व त्यांचे ढोंग हे त्यांचे आवडते विषय. एरवी भाटकारासमोर मान वर न करणारा कष्टकरी या दिवसांत त्याचीच नक्कल उघडपणे करू शके. मुंबईत १७ एप्रिल १८९२ रोजी इटालियन भुरगो या प्रयोगाने तियात्र हा कोकणी रंगभूमीचा प्रकार सुरू झाला. पुढे खेळांवर त्याचा प्रभाव पडून खेळही अंगणातून रंगमंचावर आले. चांदर (प्राचीन चंद्रपूर) येथे सोमवारी रात्री ख्रिस्ती पुरुष हाती मुसळे घेऊन ‘मुसळखेळ’ नाचतात. स्थानिक परंपरा त्याचा संबंध प्राचीन विजयाच्या स्मृतीशी जोडते. धर्मांतरापूर्वीचे आचार नव्या उत्सवात कसे सामावले गेले, याचे हे बोलके उदाहरण होय.

राज्यकर्त्यांचा उत्सव कष्टकऱ्यांनी आपलासा केल्याचे याहून तीव्र उदाहरण कॅरिबियन समुद्रातील त्रिनिदाद बेटावर आढळते. १७८३ नंतर तेथे स्थायिक झालेल्या फ्रेंच मळेवाल्यांनी मुखवट्यांचे नृत्यसमारंभ आणले. गुलामगिरीतून १८३४–३८ मध्ये मुक्त झालेल्या आफ्रिकी लोकांनी हा उत्सव रस्त्यावर आणला. पेटलेल्या उसाच्या मळ्यांची आठवण देणारी मशालींची मिरवणूक रोखण्यावरून १८८१ मध्ये त्यांचा पोलिसांशी संघर्ष झाला. पुढे ढोल वाजविण्यावर निर्बंध आल्यावर बांबूच्या नळ्या वाद्य म्हणून वापरण्यात आल्या. त्यानंतर तेलाच्या लोखंडी पिंपांपासून स्टीलपॅन हे वाद्य निर्माण झाले व १९९२ मध्ये त्यास राष्ट्रीय वाद्याचा दर्जा मिळाला. समकालीन घटनांवर टीका करणारी कॅलिप्सो गीते आणि गोव्यातील खेळांची गाणी यांचा परस्परांशी ऐतिहासिक संबंध नसला, तरी त्यांचे सामाजिक कार्य सारखेच आहे.

गोवामुक्तीनंतर १९६५ मध्ये पणजीत चित्ररथांच्या मिरवणुकीस प्रारंभ झाला आणि उत्सवास आजचे परिचित रूप आले. शनिवारी ‘राजा मोमो’ खाण्यापिण्याची व मौजेची आज्ञा देऊन प्रतीकात्मक राज्य सुरू करतो. ग्रीक पुराणांतील उपहासाची देवता मोमस हिच्यावरून हे नाव आले आहे. पुढील दिवसांत मडगाव, वास्को व म्हापसा येथेही मिरवणुका निघतात. शासनाच्या पाठबळामुळे पर्यटकांचा ओघ वाढला व उत्सवाची कीर्ती भारतभर पसरली. मात्र जाहिरातींचे चित्ररथ व वाढते व्यापारीकरण यांवर गोव्यातूनच टीका होत आली असून, मिरवणुकीचा हा उत्सव धार्मिक नसल्याचे चर्चच्या वतीनेही सांगण्यात आले आहे.

अशा प्रकारे एकाच नावाखाली दोन उत्सव नांदताना दिसतात. मिरवणुकीत मोमो मुकुट धारण करतो व प्रेक्षक रस्त्याच्या कडेने उभे राहून पाहतात. खेळात मात्र गावकरीच नट असतात, गावकरीच प्रेक्षक असतात आणि थट्टाही त्यांच्यातीलच कोणाची तरी होत असते. सत्तेची थट्टा करण्याची मुभा हा कार्निव्हलचा गाभा मानला, तर गोव्यात तो चित्ररथांपेक्षा सासष्टीच्या खेळांत अधिक स्पष्टपणे आढळतो.