पुंगळीचं माप

रायफलचा नेम नेमबाजाच्या डोळ्यावर ठरतो, असं मलाही वाटे. पण तो काडतुसाच्या पितळी पुंगळीच्या मापावरही ठरतो.

एप्रिल १९१५मध्ये बेल्जियममधल्या ईप्रला कॅनडाचे सैनिक रॉस रायफली घेऊन लढत होते. रॉसचं चेंबर, म्हणजे काडतूस बसण्याची जागा, अगदी बेताची. नेम उत्तम. पण ब्रिटिश कारखान्यांची काडतुसं मापाला किंचित जाड निघत. पुंगळी आत अडके. सैनिक बुटाच्या टाचेनं बोल्ट उघडू बघत, आणि समोरून शत्रू येई! चौदाशेहून अधिक जणांनी रॉस टाकून पडलेल्या ब्रिटिशांच्या ली-एनफिल्ड उचलल्या. त्यांचं चेंबर सैल, चिखल खपवून घेणारं. माझ्या मते दोष रायफलीइतकाच काडतुसांचाही होता. १९१६मध्ये रॉस मागे घेतली गेली. स्नायपरांनी मात्र ती सोडली नाही.

सैन्याचं काडतूस हजारो रायफलींत चालावं लागतं, घरी भरलेलं एकीतच. बार उडाला की पुंगळी फुगून त्याच चेंबरच्या मापाची होते. मग नुसती तिची मान आवळायची, की गोळी मधोमध बसते. पण काही बारांनंतर बोल्ट जड होतो, रॉसचंच दुखणं! म्हणून बेंचरेस्ट स्पर्धांतले कित्येक नेमबाज आता सबंध पुंगळी दाबून घेतात, पण खांद्याशी इंचाचा एक-दोन हजारांश भागच.