शेगडी आणि थंडी

पाचगणीत आमच्या घरी बाळंतपण झालं, की आजी आधी शेगडी पेटवायची. पौषातली रात्र, बाहेर टेबललँडवरून उतरणारा बोचरा वारा आणि आत दुपटी शेकण्याची लगबग. तान्ह्याला गारठा लागता कामा नये, हा तिचा एकच कायदा. त्यामुळे जन्मताना गुदमरलेल्या बाळांना मुद्दाम गार करतात, हे ऐकलं तेव्हा मला ते उफराटंच वाटलं.

तसं पाहिलं तर आमच्या गावची थंड हवाही एके काळी औषधच होती. १९१२ मध्ये डॉ. रुस्तमजी बिलिमोरिया यांनी इथं क्षयरोग्यांसाठी 'बेल-एअर' आरोग्यधाम काढलं. पण १९५९ मध्ये मद्रासच्या संशोधकांनी दाखवून दिलं, की औषधं तीच असली तर दाटीवाटीच्या घरातले रोगीही आरोग्यधामातल्या रोग्यांइतकेच बरे होतात. हवेचा भाव उतरला.

बाळांच्या बाबतीत थंडीचा भाव चढला, उतरला, पुन्हा चढला. पन्नाशीच्या दशकात स्वीडनचे ब्योर्न वेस्टिन श्वास न घेणाऱ्या बाळांना गार पाण्यात ठेवून पाहत होते. १९५८ मध्ये न्यूयॉर्कच्या विल्यम सिल्व्हरमन यांनी सिद्ध केलं, की अपुऱ्या दिवसांची बाळं उबेत अधिक जगतात. झालं, थंडी मागे पडली. पुढे ऑकलंडच्या अॅलिस्टर गन आणि पीटर ग्लकमन यांनी मेंढीच्या गर्भांवर प्रयोग केले. प्राणवायू तुटला तरी मेंदूच्या साऱ्या पेशी लगेच मरत नाहीत. काही तास उसंत मिळते आणि मग दुसरा तडाखा बसतो. त्या उसंतीत मेंदू गार केला तर हानी कमी होते. २००५ मध्ये भारतीय वंशाच्या सीता शंकरन यांनी अमेरिकेत पूर्ण दिवसांची बाळं जन्मानंतर सहा तासांच्या आत गार करायला घेतली आणि ७२ तास ३३.५ अंशांवर ठेवली. मृत्यू किंवा अपंगत्वाचं प्रमाण ६२ टक्क्यांवरून ४४ वर आलं. श्रीमंत देशांत हा रिवाजच झाला.

मग आपल्याकडेही का नको? हे तपासायला सुधीन थय्यिल यांच्या नेतृत्वाखाली भारत, श्रीलंका आणि बांगलादेशात 'हेलिक्स' चाचणी झाली. मुंबईचं सायन रुग्णालयही तिच्यात होतं. बाळं ४०८, यंत्रं उत्तम. २०२१ मध्ये निकाल छापून आला: गार केलेल्यांपैकी ४२ टक्के बाळं दगावली, न केलेल्यांपैकी ३१ टक्के. आकडे वाचून मी पेपर खाली ठेवला. आपल्याकडे अनेक बाळांच्या मेंदूला इजा प्रसूतीच्या बरीच आधी, हळूहळू होत असावी आणि तिथं ती उसंत उरतच नसावी, असा संशोधकांचा कयास आहे.

आजी असती तर म्हणाली असती, "मग, मी काय सांगत होते!" पण बंद खोलीतल्या तिच्या शेगडीचा धूर बाळाचं काय करत होता, तेही कुणी कधी मोजलं नव्हतं.