न पाहिलेल्या फुलाचा इतिहास

वर्धापनदिनाच्या स्मरणिकेसाठी बागकामावर काही लिहावे, अशी चिटणीसबाईंची आज्ञा झाली. बागकामात माझा अधिकार तो काय? गच्चीवरच्या चार कुंड्या आणि अंगणातला एक वाफा. तरी एका फुलापायी मी तीन हिवाळे घालविले आणि त्या निमित्ताने थोडे वाचनही घडले. तेच भगिनींपुढे ठेवते.

ते फूल म्हणजे डॅफोडिल. आमच्या पिढीतील पुष्कळजणींनी हे फूल पाहिले नाही. पाठ मात्र केले. माझी आई तालुक्याच्या गावी मुलींच्या शाळेत इंग्रजी शिकवीत असे. वर्ड्‌स्वर्थची ती प्रसिद्ध कविता तिने सव्वीस वर्षे शिकविली. "बाई, हे फूल असते कसे?" असे मुलींनी विचारले की ती फळ्यावर बिट्टीचे फूल काढी आणि "साधारण असे, पण बिट्टी नव्हे," असे म्हणे. आता ती नव्वदीला टेकली असून दृष्टी फार मंदावली आहे. एका संध्याकाळी ती सहज म्हणाली, "ते फूल तेवढे पाहायचे राहिले." मी ते मनावर घेतले.

या कवितेच्या जन्मकथेत स्त्रियांचा वाटा मोठा आहे. १५ एप्रिल १८०२ रोजी कवी आणि त्याची बहीण डोरोथी इंग्लंडातील अल्सवॉटर सरोवराच्या काठाने जात असता त्यांना ही फुले दिसली. त्या दिवशीचे बारकाईने केलेले वर्णन डोरोथीच्या रोजनिशीत आहे. कविता रचली गेली ती दोन वर्षांनी आणि छापली गेली १८०७ साली. तीतील सर्वांत सरस दोन ओळी आपल्या पत्नीच्या, मेरीच्या आहेत, असे कवीनेच पुढे सांगून ठेवले. आईला मी हे वाचून दाखविले तेव्हा ती म्हणाली, "हे ठाऊक असते तर मुलींना आधी हेच सांगितले असते."

त्याच काळात मायदेशाच्या फुलांसाठी झुरणारी माणसे आपल्याकडेही होती. मराठीचे व्याकरण १८०५ साली आणि मराठी कोश १८१० साली प्रसिद्ध करणारे विल्यम कॅरे यांचे नाव आपण ऐकतो. बंगालमधील श्रीरामपूर येथे त्यांची मोठी बाग होती. इंग्लंडहून आलेली बियांची रिकामी पिशवी त्यांनी सावलीत झटकली, तो काही दिवसांनी तेथे विलायती डेझीचे रोप उगवले आणि त्यांना अतोनात आनंद झाला. १८२० साली कलकत्त्यास कृषी व उद्यानविद्येची संस्था स्थापन झाली तीही त्यांच्याच पुढाकाराने.

परंतु डॅफोडिलचे गणित नुसत्या मायेने सुटत नाही. उन्हाळ्यात पात वाळली की जमिनीतल्या कंदाच्या पोटात पुढच्या वर्षीची कळी तयार होते. ती कळी दांड्यासह वर यावयास कंदाला बारा ते चौदा आठवडे नऊ अंशांखालची थंडी लागते. आमच्या पुण्याची थंडी रात्रीपुरती. दुपारी माती पुन्हा कोमट. पहिल्या हिवाळ्यात मी कंद लावले, खत घातले, पाणी घातले. पाती आली कांद्यासारखी भरघोस. फूल एकही नाही.

दुसऱ्या वर्षी दहा कंद कागदी पिशवीत घालून शीतकपाटात ठेवले. येथे दोन चुका झाल्या. एक म्हणजे त्याच कप्प्यात सफरचंदे होती. पिकत्या फळांतून इथिलीन नावाचा वायू निघतो व त्याने कंदातली कळी जळते, हे मला मागाहून कळले. दुसरी चूक जिवावरची. आमच्या सूनबाईंनी त्यातला एक कंद पिठल्यासाठी चिरायला घेतला. डोळ्यांना पाणी येईना, म्हणून तिने मला हाक मारली. हा कंद विषारी आहे! २००९ साली इंग्लंडातील एका शाळेत तो कांदा समजून सूपात पडला आणि मुले आजारी पडली होती. तेव्हा पिशवीवर ठळक अक्षरांत नाव लिहावे, हे मुद्दाम सांगते.

आता तिसरा हिवाळा. वाचता वाचता ध्यानात आले की, या कुळात थंडीवाचून फुलणारी एक बहीण आहे. वनस्पतिशास्त्रात तिचे नाव नार्सिसस टॅझेटा. फारसीत, उर्दूत आणि आपल्याकडेही ती नर्गिस. भूमध्य समुद्राच्या काठची ही फुले इराणात गेली आणि तेथील कवींनी त्यांना डोळ्याची उपमा दिली. काश्मिरात तिला यंबरझल म्हणतात. भुंगा आणि यंबरझल यांच्या कथेवर दीनानाथ नादिम यांनी १९५३ साली काश्मिरी संगीतिका रचली. पुढे चीनमध्ये तर उष्ण अशा फुजियान प्रांतात तिची शेती होते आणि नववर्षाला घरोघरी उथळ ताटलीत, खडे नि पाणी घालून ती फुलवितात. इंग्लंडजवळच्या सिली बेटांवरचे शेतकरी याच जातीच्या वाफ्यांवर पेंढा जाळून धूर करीत, म्हणजे फुले लवकर येत. त्या धुरातही इथिलीनच असतो. एका बहिणीची तयार कळी जो जाळतो, तोच दुसरीला कळी धरावयास लावतो!

काश्मिरहून येणाऱ्या एका परिचितांनी मला सहा कंद आणून दिले. नोव्हेंबरात ते खड्यांवर मांडले, मुळांना टेकेल एवढेच पाणी ठेवले आणि ताटली खिडकीपाशी ठेवली. जानेवारीत फुले आली: पांढऱ्या पाकळ्या, मध्ये पिवळी वाटी, एका दांड्यावर पाच-सहा.

मी ताटली आईजवळ नेली. तिला रंग नीट दिसला नाही. वास मात्र दारातूनच आला होता. ती बराच वेळ तशीच बसली. मग म्हणाली, "कवितेत वासाचे काही नाही ग. हे दुसरे फूल दिसते."

"होय, आई. हे तिचे चुलत भावंड."

"असू दे," ती म्हणाली. "आले ना घरी!"

भगिनींनो, आपण ज्यांना आपली म्हणतो ती झेंडू आणि निशिगंधाची फुलेही मूळची मेक्सिकोची. येथली हवा मानवली, म्हणून ती देवघरापर्यंत पोहोचली. डॅफोडिलला ती मानवत नाही, यात दोष त्याचा नाही आणि आपलाही नाही. ज्यांना नर्गिस लावून पाहावयाची असेल त्यांनी फुले सरल्यावर पात कापू नये. ती पिवळी पडून आपोआप वाळू द्यावी, म्हणजे कंद पोसतो. माझे सहा कंद सध्या माळ्यावर टोपलीत निजले आहेत. टोपलीवर मी खडूने लिहून ठेवले आहे: कांदा नव्हे.